पहिला शॉर्टबोर्ड, तोही वापरलेला: या तिघांतला कोणता घेऊ?

भरती_ओहोटी

नमस्कार मंडळी. डॅगरबोर्डवाल्या (मधोमध पाण्यात उतरणारी पाटी असलेल्या) १९० लिटरच्या बोर्डावर विंडसर्फिंग शिकले. आता वारा वाढला की त्या बोर्डावर मजा येईनाशी झाली आहे. पुढचं टोक लाटांवर आपटत राहतं, आणि प्लेनिंग (बोर्ड वेगात पाण्याच्या पृष्ठभागावर घसरत जाणं) सुरू होतंय असं वाटेपर्यंत डॅगरबोर्ड पायाने वर ढकलण्यातच वाऱ्याचा झोत निघून जातो. म्हणून शॉर्टबोर्ड (डॅगरबोर्ड नसलेला आखूड बोर्ड) घ्यायचं ठरवलंय, वापरलेला.

माझं वजन ६८ किलो. हार्नेस (शिडाची ओढ अंगावर घेणारा पट्टा) अंगवळणी पडलाय, बीचस्टार्ट (उथळ पाण्यातून बोर्डावर चढून निघणं) जमतो, टॅक (पुढचं टोक वाऱ्यातून फिरवून वळणं) व्यवस्थित होतो, जाइब (शेपूट वाऱ्यातून फिरवून वळणं) फक्त मंद वाऱ्यात. पुढचा पाय स्ट्रॅपमध्ये (बोर्डावरच्या पाय अडकवायच्या पट्ट्यात) जातो, मागचा अजून नाही. वॉटरस्टार्ट (खोल पाण्यात शिडाच्या ओढीने बोर्डावर चढणं) निम्म्या वेळा जमतो, थकल्यावर अजिबात नाही. स्वतःची शिडं दोन आहेत, ५.२ आणि ६.५ चौरस मीटरची.

तीन बोर्ड मिळतायत. पहिला ८४ लिटरचा, लाटांवर चालवायचा वेव्ह बोर्ड, जवळजवळ कोरा. दुसरा १९९०च्या दशकातला, १०५ लिटर, लांबी २८२ सेंमी, रुंदी ५७ सेंमी. जुना असला तरी ओरखडासुद्धा नाही. तिसरा ११८ लिटरचा फ्रीराइड (सर्वसाधारण वापराचा बोर्ड), रुंदी ७० सेंमी, दहाएक वर्षांचा. त्याच्या नाकावर दुरुस्ती दिसते आणि स्ट्रॅप फाटलेत. पहिल्या बोर्डाचा मालक म्हणतो, छोटा घेतलात तर लवकर शिकाल, मोठा घेतलात तर लगेच विकावा लागेल. मन त्या कोऱ्याकडेच ओढतंय. तुम्ही काय सांगाल?

वारेमाप

तुमच्याच आकड्यांवर हिशेब करू. तुम्ही ६८, बोर्ड ७, मास्ट (शिडाची काठी), बूम (हाताने धरायचा दांडा) आणि शीड मिळून ९, ओला वेटसूट आणि हार्नेस ३. झाले ८७ किलो. बोर्डाचा एक लिटर गोड्या पाण्यात एक किलो तोलतो, समुद्रात त्याहून दोन-अडीच टक्के जास्त. म्हणजे ८४ लिटरचा बोर्ड थांबलेला असताना तुमच्या पायाखाली तरंगणारच नाही. तो पळत असेपर्यंतच वर राहतो. आणि पळवायचा तर आधी वॉटरस्टार्ट हवा, जो तुम्हाला निम्म्या वेळाच जमतो.

आता किनाऱ्यापासून लांब असताना वारा पडला असं धरा. वॉटरस्टार्टला शीड उचलण्याइतका वारा नाही, आणि अपहॉल (उभं राहून शीड दोरीने पाण्यातून ओढणं) करायला उभं राहावं तर बोर्ड खाली जातोय. मग उरतं ते बोर्डावर पोटावर झोपून, शीड मागे ओढत हातांनी वल्हवत येणं. वेव्ह बोर्ड वापरणारे हे जाणून असतात, त्यांची तेवढी तयारी असते. तुमची अजून नाही, आणि ती नसताना हा बोर्ड घेऊ नका असं मी अगदी कळकळीने सांगतो.

पहिल्या शॉर्टबोर्डासाठी आम्ही वापरतो तो ठोकताळा असा: वजनात ४० ते ५० मिळवा, तेवढे लिटर. तुमच्यासाठी १०८ ते ११८. वॉटरस्टार्ट पक्का असेल तर ३० मिळवूनही चालतं. नव्वद किलोच्या माणसाने १३० ते १४० च्या घरात बघावं.

निळाई

वारेमाप यांना अनुमोदन. त्यात एक भर घालते. छोट्या बोर्डावर लवकर शिकतो हे पाण्यावर खरं ठरत नाही. शिकणं म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा करणं. मोठ्या बोर्डावर पडलात की उठून पुढच्या जाइबला लागता. बुडणाऱ्या बोर्डावर पडलात की पुढचा सगळा वेळ नुसतं पुन्हा उभं राहण्यात जातो. दिवसाअखेरीला हात गळून जातात आणि जाइब मात्र एकही धड झालेली नसते.

लवकर विकावा लागेल हेही पटत नाही. ११०-१२० लिटरचा फ्रीराइड पुढे छोटा बोर्ड घेतल्यावरही हलक्या वाऱ्यासाठी लोक जपून ठेवतात. माझ्याकडचा गेला नाही आणि जाणारही नाही.

जुनाखलाशी

दुसऱ्या बोर्डाच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं. ते लांब अरुंद बोर्ड खवळलेल्या पाण्यात फार सुरेख चालतात. रुंद बोर्ड जिथे थाड थाड आपटतो तिथे हे कापत जातात. ५.२ चं शीड आणि वीस नॉटच्या वर वारा असेल तर ५७ सेंमीचा बोर्ड अंगाखाली कसा शांत असतो ते अनुभवावं. १०५ लिटर म्हणजे ८७ किलोवर वीसेक किलोची शिल्लक आहे, बुडणार नाही. आणि ओरखडा नाही म्हणतात, म्हणजे मालकाने निगा राखलेली आहे.

वारेमाप

काका, वीस नॉटच्या वरचं तुमचं म्हणणं मान्य. पण भरती_ओहोटी अजून मागचा पाय स्ट्रॅपमध्ये घालायला शिकतायत, आणि ते शिकायचे दिवस बारा ते अठरा नॉटचे असतात. तिथे लिटरपेक्षा रुंदी जास्त बोलते. अपहॉल करताना ५७ सेंमीवर पाय ठेवायला जागाच कमी, जरा वजन इकडचं तिकडे झालं की कड पाण्यात. त्यातून २८२ सेंमी लांबीमुळे फुगवटा पुढे नाकाकडे पसरलेला. तुम्ही मागे सरकलात की शेपटीखाली आधार द्यायला फारसं काही नसतं, शेपूट बुडते, नाक वर येतं आणि बोर्ड वाऱ्याकडे तोंड करून थांबतो.

मूळचा विंडसर्फर साडेतीन मीटरहून लांब होता. तिथून बोर्ड आधी लांबीला आटले, रुंदीला मात्र बराच काळ अरुंदच राहिले. २००० सालाच्या आगेमागे ते आखूड आणि रुंद झाले. एवढ्याच लिटरचा आताचा फ्रीराइड २४०-२५० सेंमी लांब आणि ६५ ते ७५ सेंमी रुंद असतो. त्याच वाऱ्यात तो लवकर प्लेन होतो, रुंद शेपटीवर मोठा फिन (शेपटीखालचं पातं) पेलतो, आणि त्या फिनच्या जोरावर वाऱ्यावर चढतो, म्हणजे वारा येतो त्या बाजूला सरकू शकतो. डॅगरबोर्ड सोडून येणाऱ्याला सगळ्यात जास्त नडतं ते हेच वाऱ्यावर चढणं. शॉर्टबोर्डावर पहिले काही दिवस प्रत्येक जण वाऱ्याखाली वाहत जातो आणि किनाऱ्याने बोर्ड उचलून चालत येतो. अरुंद बोर्डावर हे दिवस लांबतात.

जुनाखलाशी

वाऱ्यावर चढण्याचा मुद्दा बिनतोड आहे. मागे घेतो. दुसरा बोर्ड पन्नास-पंचावन्न किलोच्या, वॉटरस्टार्ट येणाऱ्या माणसाला द्यावा.

भरती_ओहोटी

८४ ची ओढ सुटली, वारेमाप यांनी मांडलेला हिशेब मी केलाच नव्हता. मग तिसरा बघायला जाते. पण नाकावरच्या दुरुस्तीची धास्ती वाटते. काय काय तपासू?

कार्बनफायबर

इथे जरा सविस्तर लिहितो. बोर्ड दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे आणि बोर्ड आतून कुठे मरतो ते बाहेरून दिसत नाही.

आधी बोर्डाचं पोट समजून घ्या. आत पांढरा फोम, म्हणजे ईपीएस, थर्माकोलच्या जातीचा. त्यावर काचतंतू, बऱ्याच बोर्डांत पीव्हीसी फोमचा किंवा लाकडाचा पातळ थर, पुन्हा काचतंतू किंवा कार्बन, आणि सगळं इपॉक्सीत बसवलेलं. ताकद सगळी त्या सालीत. साल फुटली की फोमच्या दाण्यांमधल्या फटींत पाणी शिरतं आणि मग सहजी निघत नाही. म्हणून ओरखडे, उडालेला रंग, झिजलेली पकड यांकडे दुर्लक्ष करा. शोधायच्या त्या दोनच गोष्टी: साल कुठे सुटलीय, आणि पाणी कुठून जातंय.

मालकाला फिन आणि स्ट्रॅप काढून ठेवायला सांगा. बोर्ड उन्हात आणा, अंधाऱ्या खोलीत बघू नका. तळ वर करून शेपटीकडून नाकाकडे डोळा लावा आणि प्रकाशाची रेघ तळावरून कशी सरकते ते बघा. ती कुठे लचकली तर तिथे खळगा किंवा जुना मोड आहे. मास्ट ट्रॅकच्या (मास्टचा पाया बसतो त्या खाचेच्या) अलीकडे-पलीकडे आडवी भेग असेल तर बोर्ड तिथे वाकून गेलेला आहे, तो सोडून द्या.

मग डेक, म्हणजे बोर्डाची वरची बाजू. टाचा जिथे टेकतात तिथे, म्हणजे स्ट्रॅपच्या आत आणि थोडं पुढे, दोन्ही अंगठ्यांनी दाबा. दबायला नको. बोटाच्या पेरांनी टकटक करत पूर्ण डेकवरून जा. चांगली साल टणक, एकसारखा आवाज देते. सुटलेल्या जागी आवाज एकदम बसका होतो. ही जागा हाताच्या पंजाहून मोठी असेल तर दुरुस्तीत हात घालू नका. पॅडखाली फुगवटा दिसला तर उन्हात तापून साल सुटली असण्याची शक्यता जास्त.

नाक. कॅटापल्ट झाला, म्हणजे वाऱ्याच्या झोताने शिडासकट पुढे भिरकावलं गेलं, की मास्ट नाकावर आदळतो, त्यामुळे जुन्या बोर्डांपैकी पुष्कळांच्या नाकावर दुरुस्ती असतेच. त्याने घाबरू नका. दुरुस्ती टणक आहे का, कडेला केसासारखी भेग आहे का, एवढंच बघा. मालकाला विचारा कशाने केली. ईपीएस बोर्डावर पॉलिएस्टर रेझिन लावलं तर त्यातलं स्टायरीन आतला फोम विरघळवतं. वरून सगळं गुळगुळीत आणि खाली पोकळी.

फिन बॉक्स. फिन बसवून हलवा. फिन बॉक्समध्ये हलत असेल तर ते टेपने भागेल. पण फिनबरोबर बॉक्सच बोर्डात हलत असेल किंवा कडेने भेग असेल तर पाणी तिथून जातंय. स्ट्रॅपच्या भोकांत स्क्रू पूर्ण आवळून बघा, गरगर फिरला तर आटे गेलेत. हवेच्या स्क्रूचं (आतला हवेचा दाब सोडायचा स्क्रू) रबरी कडं चिरलेलं असलं तर ते बदलता येतं, पण आजवर पाणी जात होतं का ते विचारा.

शेवटी वजन. वजनकाटा बरोबर न्या. आधी तुम्ही एकट्या, मग बोर्ड धरून. स्ट्रॅप आणि फिन काढलेले असावेत, नाहीतर दीडेक किलोची गफलत होते. कंपनीने त्या मॉडेलचं वजन जाहीर केलेलं असतं, त्याहून पाच-सहा टक्के इकडेतिकडे चालतं. दुरुस्तीचे दोन-तीनशे ग्रॅम सोडा. त्यापुढचं वजन म्हणजे पाणी.

शंका आली तर साबणाचं पाणी. संशयाच्या जागी पुसा, हवेचा स्क्रू काढा, त्या भोकातून तोंडाने हलकेच फुंका आणि बुडबुडे बघा. पंप लावू नका, त्या दाबाने चांगली सालसुद्धा सुटते.

निळाई

हे सगळं जपून ठेवण्यासारखं आहे. धन्यवाद कार्बनफायबर.

बोर्डाच्या जातीबद्दल लिहायचं राहिलंय. जाहिरातीत '११५ लिटर' एवढंच बघून लोक शर्यतीचा स्लॅलम बोर्ड घेऊन येतात. स्लॅलमचे स्ट्रॅप अगदी कडेला असतात; पूर्ण वेगात, पूर्ण वजन हार्नेसवर टाकल्याशिवाय तिथे पाय पोचत नाहीत. पहिल्या बोर्डाला स्ट्रॅपच्या दोन जागा हव्यात, आतली आणि बाहेरची. डेकवर भोकं मोजलीत की कळतं. फॅनॅटिक गेको, जेपी एक्स-साइट राइड, टाबू रॉकेट, स्टारबोर्ड कार्व्ह, ही नावं दिसली तर थांबून बघा, ही फ्रीराइडची घराणी आहेत. एकाच मॉडेलच्या हलक्या आणि जड अशा आवृत्त्या निघतात. स्टारबोर्डचा टफस्किन किंवा जेपीचा ईएस जड असतो पण आपटाधोपटी सोसतो. शिकणाऱ्याला एखादा किलो जास्त चालतो, चिरलेला कार्बन चालत नाही.

आणि नावामागचा आकडा सहसा लिटरचा असतो, पण नेहमी नाही. बिक टेक्नो २८३ मधले २८३ ही सेंटीमीटरमधली लांबी आहे.

लाटांवरून

फॉइलचा (बोर्डाला पाण्याच्या वर उचलणाऱ्या, पाण्याखालच्या पंखाचा) मुद्दाही असू द्या. हल्ली वापरलेल्यांत फॉइलचे बोर्ड खूप येतात. विंगफॉइलच्या (हातात धरायच्या शिडावर चालणाऱ्या) काही बोर्डांना मास्ट ट्रॅकच नसतो, फोटोत चटकन लक्षात येत नाही. उलट बाजूने, पुढेमागे फॉइल लावायचा विचार असेल तर बॉक्स त्यासाठी मजबूत केलेला आहे का ते कंपनीच्या माहितीत बघा. साध्या फिनच्या बॉक्समध्ये फॉइल लावला तर पिळून बॉक्स उखडतो.

भरती_ओहोटी

बघून आले! कार्बनफायबर, तुम्ही सांगितलंत तसंच केलं, मालकही समजूतदार निघाले, स्वतःच पाना घेऊन आले.

नाकावरची दुरुस्ती ठणठणीत आहे. इपॉक्सीने केलेली, कडेला भेग नाही, आवाज आजूबाजूसारखाच. डेक कुठे दबला नाही. मग वजन केलं. स्ट्रॅप-फिन काढून ८.९ किलो, आणि कंपनीचा आकडा ७.४. मालकांनाही धक्का बसला, ते म्हणाले पूर्वीपासून एवढाच जड वाटतो. मग साबणाचं पाणी केलं. नाकापासून सुरुवात केली, काही नाही. फिन बॉक्सच्या कडेने, काही नाही. मागच्या स्ट्रॅपच्या उजव्या भोकाशी पुसलं आणि फुंकलं, तर भोकाच्या तळातून आधी एक बुडबुडा वर आला, फुटला, मग बारीक बुडबुड्यांची रांगच लागली. भोकात बोट घातलं तर प्लास्टिकचा खुंट तळाशी चिरलेला लागला. नको तेवढा लांब स्क्रू कधीतरी पिळला असणार असं मालकांचं म्हणणं.

आता? खुंट बदलून घ्यायचा की बोर्डच सोडायचा?

कार्बनफायबर

शाबास, नेमकी जागा शोधलीत. खुंट बदलणं अवघड नाही: जुना कोरून काढायचा, नवा घट्ट इपॉक्सीत बसवायचा, वरून काचतंतूचा तुकडा. प्रश्न आत गेलेल्या पाण्याचा आहे. दुरुस्तीचं वजन वजा केलं तरी सव्वा किलोच्या आसपास पाणी आहे. भोक खाली करून, हवेचा स्क्रू काढून, कोरड्या सावलीत बोर्ड कित्येक आठवडे ठेवला तर काही निघेल. सगळं निघणार नाही. आणि पाणी शेपटीत आहे, म्हणजे नेमकी उड्या मारणारी, आपटणारी जागा. तिथे ओल्या फोमवरची साल आज ना उद्या सुटते. मी असतो तर सोडला असता.

जुनाखलाशी

माझं मत वेगळं. सव्वा किलो पाण्याने ११८ लिटरचा बोर्ड काही बुडत नाही. मालकाने किंमत खरोखर उतरवली, खुंट आधी बदलला, तर दोन हंगाम शिकायला तो पुरेल. शिकताना तो आणखी आपटणारच आहे. निर्दोष बोर्डाची वाट बघत वाऱ्याचे दिवस घालवण्यापेक्षा पाण्यात असणं बरं. दुसरं काही समोर असेल तर गोष्ट वेगळी.

निळाई

दोघांचं ऐकून वाटतं की घाई नसेल तर थोडं थांबावं. तिन्हींतून एक निवडायलाच हवा असं कुठे आहे?

भरती_ओहोटी

थांबले, आणि बरं झालं. १२२ लिटरचा फ्रीराइड मिळाला, रुंदी ७२, जड आवृत्ती. काट्यावर कंपनीच्या आकड्याहून फक्त दोनशे ग्रॅम जास्त. पॅड झिजलंय, कडेवर दोन ठिकाणी भरलेलं आहे, दोन्ही ठिकाणी साबण लावून फुंकलं, बुडबुडा नाही. स्ट्रॅपच्या भोकांच्या दोन जागा आहेत. पॉवर बॉक्स (फिन बसवायच्या बॉक्सचा एक प्रकार), बरोबर ४४ सेंमीचा फिन. घेतला! आधी पाहिलेल्या ११८ लिटरच्या बोर्डाच्या मालकांना गळतीची जागा पेनाने खूण करून दिली आहे, ते खुंट बदलून घेणार आहेत.

आता सांगा, ६.५ आणि ५.२ ला हाच फिन चालेल का? आणि पहिल्या दिवशी मास्टचा पाया आणि स्ट्रॅप कुठे लावू?

वारेमाप

मनापासून अभिनंदन! ४४ चा फिन ६.५ ला थोडा मोठा, पण सुरुवातीला ठेवा, वाऱ्यावर चढायला मदत होईल. ५.२ ला मात्र तो जोर धरून बोर्ड एका कडेवर उचलेल. त्यासाठी ३४ ते ३६ चा बघून ठेवा, पॉवर बॉक्सचे वापरलेले फिन सहज मिळतात.

मास्टचा पाया ट्रॅकच्या मधोमध. नाक फार उडायला लागलं तर दोन सेंमी पुढे, बोर्ड पाण्याला चिकटून राहतोय असं वाटलं तर तेवढाच मागे. स्ट्रॅप आतल्या आणि पुढच्या भोकांत, आणि इतके सैल की पायाची बोटं पूर्ण बाहेर दिसतील, पण घोटा आत जाणार नाही. मागे मधोमध एकच स्ट्रॅप लावायची सोय असेल तर तीच वापरा. वारा किनाऱ्याला समांतर किंवा थोडा किनाऱ्याकडे येणारा बघा. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा असेल तर बोर्ड बाहेर काढूच नका.

कार्बनफायबर

आणि स्ट्रॅप लावताना जुन्याच मापाचे स्क्रू घ्या, लांब नको. हवेचा स्क्रू पाण्यात जायच्या आधी हाताने तपासा. प्रवासात विमानाने नेणार असाल किंवा गाडीत उन्हात राहणार असेल तर तो सैल करायचा, पोचल्यावर लगेच आवळायचा.

भरती_ओहोटी

स्ट्रॅप आज संध्याकाळी बसवते. मागे एकाच स्ट्रॅपची सोय आहे, आत्ताच बघितलं. परवा चौदा-पंधरा नॉटचा अंदाज आहे, ६.५ घेऊन जाणार.